धोडपची खाच दिसते का बघा

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की नाशिकमधले मित्र मला हमखास विचारतात, तुमच्या कळवणकडे बघण्यासारखं काय आहे रे? आता डोंगर तर आहेतच, पण खरं सांगू का, आमच्याकडे डोंगर कोणी बघत बसत नाही, डोंगराकडे नजर जाते ती कांद्यासाठी आभाळाचा अंदाज घ्यायला.

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करत एसटी निघते, ऐंशीएक किलोमीटर. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, दिंडोरीकडे द्राक्षबागा बघत जायचं, मग वणी सुटली की सातमाळा एकदम अंगावरच येतो, इकडे सप्तशृंगी आणि समोर मार्कंड्या. नांदुरीला निम्मी गाडी रिकामी होते कारण गडाचा घाट तिथून लागतो. चैत्रात तर खान्देशातून पायी येणाऱ्या लोकांनी रस्ते भरलेले असतात. २०१८ पासून गडावर ट्रॉली झालीय, म्हणून मी आईला म्हटलं चल ट्रॉलीने, तर म्हणे नवस पायऱ्यांचा बोललेय, ट्रॉलीचा नाही! झालं, चढलो पायऱ्या.

तर मुद्दा कांद्याचा. उन्हाळ कांदा एप्रिलच्या आसपास चाळीत जातो आणि जमलं तर दिवाळीपर्यंत टिकतो. चाळ म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून-बाजूने वारा खेळेल अशी. कांद्याचा वैरी म्हणजे दमट हवा. आमचे बाबा जुलैत सकाळी उठले की आधी धोडपकडे बघतात, किल्ल्याची ती खाच ढगात गेली की लगेच चाळीचा कागद खाली सोडायचा, उघडीप मिळाली की परत वर. मग चाळीच्या कडेने हळूहळू चालत नाकाने शोध घेतात, एका कोपऱ्याशी थांबून म्हणतात, इथं बसलाय एक. हात घातला की बोटं आत जातात, पाणी सुटलेलं असतं, आणि तो वास दोन दिवस हाताचा जात नाही, साबण लावा नाहीतर राख.

लाल कांद्याला तर तेवढीही मुदत नाही, काढला की विकायचा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली तेव्हा नेमका लाल कांदाच बाजारात होता, बऱ्याच ठिकाणी लिलावही बंद पडले, आणि आमची भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तोवर तो कांदा कशाला थांबतोय? बाबा त्या दिवशी जेवताना ताटातला कांदा बाजूला सारून उठले, बोलले काहीच नाही.

मागच्या रविवारी नाशिकला परत निघालो तर आईने गोणीभर कांदे दिले. कंडक्टर म्हणाला याचं लगेज लागेल. मी म्हटलं मास्तर, आधी आजचा भाव विचारा, मग लगेज घ्या. हसला, म्हणाला, माझीपण चाळ आहे बाबा, टाक सीटखाली.