उठत नाही आणि उठवत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पऱ्हाटी फुटली की आजीसोबत मीही वावरात जायचो. कमरेला ओटी बांधून ती बोंडातला कापूस ओढायची. वाळक्या बोंडाची टोकं लागून नखांच्या कडा सोललेल्या असायच्या. सांजेला काट्यावर माप झालं की धुऱ्यावर बसायची. ऊठ म्हटलं की म्हणायची, "माह्याच्यानं उठवत नाई बापा." एकदा मी आईला ओरडून सांगितलं, "आजी उठत नाई म्हणते!" आजी भडकली. "उठत नाई असं नाई म्हटलं म्या. उठवत नाई म्हटलं!"

एका 'व'साठी एवढा राग कशाला, हे तेव्हा कळलं नाही. कळलं ते पुढे विटगेनस्टाइन वाचताना. हा ऑस्ट्रियाचा तत्त्वज्ञ. 1920 ते 1926 या काळात तो खेड्यातल्या शाळांत मास्तर होता. पोरांना शुद्धलेखनासाठी शब्दकोश हवा म्हणून त्यानं तो स्वतः तयार केला, 1926 साली छापूनही आला. त्याच्या मृत्यूनंतर 1953 साली निघालेल्या ग्रंथात एक वजाबाकी आहे. 'मी हात वर केला' यातून 'हात वर गेला' एवढं काढून टाका. बाकी काय उरतं?

आपण चटकन म्हणतो, इच्छा उरते. जणू डोक्यात सरकीएवढी एखादी वस्तू आहे आणि ती आधी हलते, मग हात हलतो. विटगेनस्टाइनला हे पटत नव्हतं. मलाही पटत नाही. कापूस वेचताना प्रत्येक बोंडाला आजी आधी मनात ठराव करत होती का? हात चालत होते, तोंडानं सुनेच्या माहेरचा उद्धार चालू होता, आणि तरी वेचणारी तीच होती.

1983 साली अमेरिकेत मेंदूचा अभ्यास करणाऱ्या लिबेट आणि सहकाऱ्यांनी माणसांना मन होईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं. मनगट हलण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधीच मेंदूत खळबळ सुरू झालेली दिसली. हलवावंसं वाटल्याची वेळ लोकांनी सांगितली ती मात्र मनगट हलण्याच्या जेमतेम 0.2 सेकंद आधीची. झालं, स्वेच्छा खोटी असा गवगवा झाला. पण कारण नसताना मनगट हलवणं आणि पेरणी करायची की थांबायचं हे ठरवणं, यांत काही फरक आहे की नाही?

मराठी इथं फार बारीक पाहते. 'मी उठलो' यात मी कर्ता. 'मला मळमळतं' यात मी नुसता सोसणारा. 'माझ्यानं उठवत नाही' हे तिसरंच. शाळेत त्याला शक्य क्रियापद म्हणतात. 'ऊठ' असा हुकूम सोडता येतो. 'मळमळ' असा सोडून बघा! हुकूम कुठं चालतो, दोष कुणाला द्यायचा, कुणाला नुसता हात द्यायचा, हे क्रियापदातच ठरलेलं असतं. इच्छा शोधायला कवटी फोडायची गरज नाही.

आजीचा राग त्यासाठीच होता. 'उठत नाही' म्हटलं की ती आळशी ठरत होती. गावोगावच्या सभांत शेतकऱ्याला इच्छाशक्तीचे डोस पाजणारे पाहुणे नेमका हाच 'व' गाळतात, बाप्पा!

त्या दिवशी शेवटी बैलबंडी आली. आजी माझ्या खांद्यावर जोर देऊन उभी राहिली. मी विचारलं, "आता कसं उठवलं वं?"

"उठवलं कोठं?" ती म्हणाली. "उठली."