मुठीपासून दात्यांपर्यंत

(काळा पडदा. फक्त आवाज.)

पहिला गिअर… दुसरा. हा 'कर्रर्र' ऐकू आला? पुन्हा ऐका.

(शटर वर जातं. बॉनेटवर सकाळची तिरपी उन्हं.)

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरचं हे गॅरेज. समोर उभी आहे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, पाच गिअर, तेही हातानं टाकायचे. याच रस्त्यावर शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवली जायची. आज जालन्याहून येताना ही गाडी तिथूनच पुढं आली. इंजिन अजून धडधाकट आहे. पण तिसरा टाकायला जावं तर पाचवा पडतो, आणि न्यूट्रलला गिअरची मूठ ताकातल्या रवीसारखी फिरते.

तरुण मालकानं मोबाइलवर शॉर्ट शिफ्टर शोधूनच ठेवलाय.

"मामा, हा बसवला तर?"

"बसवू की. पण आधी ढिल्लं कुठं पडायलंय ते तर बघू द्या."

शॉर्ट शिफ्टरनं मुठीची चाल आखूड होते हे खरं. पण जोर जास्त लागतो, आणि खालचा ढिलेपणा जिथल्या तिथं राहतो. चकचकीत नॉबवर हजारो रुपये घालणाऱ्या मंडळींनी पुढचं दृश्य सावकाश पाहावं.

(क्लोज-अप: तळहात.)

मुठीच्या बुडापासून दोन केबल निघतात. एक मागं-पुढं ओढते, दुसरी आडवी. दोन्ही गिअरबॉक्सच्या डोक्यावर जाऊन जोडल्या जातात. त्या जोडात बसणारा हा बुश, म्हणजे छोटी नळी. भोक गोल राहिलेलं नाही, अंड्यासारखं लांबट झालंय. मिस्त्री नखानं झिजलेली कड दाखवतात. असे तीन-चार सांधे थोडे थोडे झिजले की वर मुठीपाशी बोटभर ढिलेपणा येतो.

(लेथ. पांढरी साल सुटते आहे.)

बजाज वाळूजला आली, तिच्या मागं सुटे भाग करणारे छोटे कारखाने आले आणि लेथवर हात बसलेली माणसं या शहरात तयार झाली. चिकलठाण्याच्या या शेडमध्ये नायलॉनच्या कांडीतून नवा बुश निघतोय. पितळेचाही करता आला असता, पण पितळ इंजिनाची थरथर जशीच्या तशी मुठीत आणतं. मिस्त्रींना घट्टपणा हवाय, थरथर नको. व्हर्नियर लावून माप घेतलं. आणखी एक हलका कट. पुन्हा व्हर्नियर. बुश अंगठ्यानं दाबल्यावर बसला, हातोडी लागली नाही. अशा माणसाला 'टर्नर' एवढंच म्हणून आपण पुढं जातो. जरा थांबून या हातांकडं बघा.

(गाडी वर उचललेली.)

आता गिअरबॉक्सचं तेल. १७ ची ॲलन की लावून मिस्त्री आधी तेल भरायचा बोल्ट सैल करतात, खालचा नंतर. उलट केलं आणि वरचा अडकला, तर गाडी तेलाविना जागच्या जागी उभी.

(तेलाची धार. उन्हात सोनेरी कण.)

या कणांतून लोहचुंबक फिरवला. काही चिकटलं नाही. म्हणजे हे पितळ, गिअरची गती जुळवणाऱ्या सिंक्रोच्या रिंगांचं. टेबलावर दुसऱ्या एका उघडलेल्या गिअरबॉक्समधली तशीच रिंग आहे. गिअर पडण्याआधी ही रिंग गिअरच्या शंकूला घासते, दोघांची गती एक करते, मगच दाते एकमेकांत जातात. आतल्या या बारीक रेघा तेलाचा थर कापायला आहेत. तेल फार निसरडं असलं की रिंग पकडत नाही, गती जुळत नाही आणि दाते दात्यांवर आपटतात. कर्रर्र. ट्रक-जीपच्या डिफरेन्शियलला, म्हणजे चाकांच्या धुरीवरच्या गिअरला, चालणारं जीएल-५ दर्जाचं नव्वद नंबर तेल पूर्वी कुठंतरी यात ओतलं गेलंय. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं तापल्यावर पितळाला खाऊही शकतात. या बॉक्सला लागतं जीएल-४, ७५ डब्ल्यू ९०, सुमारे २ लिटर.

क्लचचं तेल ब्रेकच्याच डबीतून येतं. काळं झालेलं काढून डॉट ४ दर्जाचं ब्रेक तेल भरलं, हवा काढली. क्लच आता पुरता सुटतो.

(वरून: मिस्त्रींचे दोन्ही हात.)

शेवटी जुळणी. दोन्ही केबलच्या स्प्रिंगच्या कॉलर ओढून अडकवल्या. गिअरबॉक्सवरचा दांडा खाली दाबून न्यूट्रलमध्ये लॉक केला. आत मूठ सरळ धरून तिच्या बुडाच्या भोकात साधा ड्रिल बिट घातला. आता दोन्ही टोकं आपापल्या मध्यावर उभी आहेत. कॉलर सोडल्या. खट. खट. केबलनं आपली लांबी आपणच धरली.

"सोडून द्या मूठ. मधी येती का बघा."

(मूठ तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये येऊन थांबते. मालकाचा चेहरा.)

झिजलेली रिंग तेलानं भरून येत नाही. गाडी थंड असताना दुसरा अजून कुरकुरतो, आणि त्यासाठी कधीतरी बॉक्स उतरवावाच लागेल.

(दौलताबादचा किल्ला मागं पडतो. खुलताबादचा घाट.)

वळणाआधी चौथ्यावरून तिसरा. पुढं दुसरा. मुठीवर दोन बोटं आणि तळहाताची कड, एवढंच.

(निवेदन नाही. इंजिनाचा आणि गिअरचा आवाज, खुलताबादच्या वेशीपर्यंत.)