मला का काढता, तेवढं सांगा

"उत्तर द्यायला बोलावलंत, पण माझ्यावर आरोप काय, ते अजून ऐकलं नाही."
"काही सांगितले. आणखीही सांगता येतील."
"एक तरी सांगा."
"सांगितले नाहीत का?"
"मी बोलले काय? केलं काय?"

नोव्हेंबर १६३७. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं न्यूटाउन, म्हणजे आजचं केंब्रिज. प्रश्न विचारणारी अ‍ॅन हचिन्सन, वय ४६. समोर जॉन विन्थ्रॉप, वसाहतीचा गव्हर्नर. फिर्याद मांडणारा तोच आणि निवाडा करणाराही तोच. बॉस्टनमध्ये दोघांची घरं समोरासमोर, त्यामुळे तिच्याकडे कोण येतं-जातं हे त्याला साक्षीदारांना विचारायची गरजच नव्हती. बाईला उभं ठेवलं होतं. तिचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे तिला बसायची परवानगी मिळाली.

अ‍ॅन इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका पाद्र्याची मुलगी. अडाणी धर्मगुरूंवर तोंडसुख घेतलं म्हणून बापानेही तुरुंग पाहिलेला. जॉन कॉटन या उपदेशकाच्या मागोमाग ती १६३४ साली कापडव्यापारी नवरा आणि पोराबाळांसह समुद्र ओलांडून आली. बॉस्टनमध्ये ती सुईणपण करायची. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव, तिथल्या गप्पांवर कुणाचा पहारा नाही. तिथूनच बायका तिच्या घरी जमू लागल्या, रविवारच्या प्रवचनाचा कीस पाडू लागल्या. पुढे पुरुषही आले. एक वेळ अशी आली की साठाहून जास्त माणसं जमत, आणि त्यांत विन्थ्रॉपच्या आधीचा तरुण गव्हर्नर हेन्री वेनसुद्धा असे.

भांडण कृपा आणि कर्म यांचं. मोक्ष केवळ देवाच्या कृपेने मिळतो, हे वसाहतीतले सगळे प्युरिटन, म्हणजे कडवे सुधारणावादी प्रोटेस्टंट, मानत. अ‍ॅनचं म्हणणं, मग आमचे बहुतेक धर्मगुरू सदाचरणालाच मोक्षाचा पुरावा का धरतात? ते कर्माचीच शिकवण देतात. वरवर हा पोथीतला वाद वाटतो. पण इथे मताचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना होता. धर्मगुरूच्या शब्दाला तडा गेला, तर कारभाराच्या पायालाच तडा.

कोर्टाने आधी बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी पाचवी काढली : आईबापाचा मान राख. आईबाप म्हणजे अर्थातच सरकार. तिने बायबलमधलंच, तीताला लिहिलेलं पत्र पुढे केलं, थोरल्या बायकांनी धाकट्यांना शिकवावं असं त्यात लिहिलेलं आहे. विन्थ्रॉप वैतागला. तुमच्या जातीच्या माणसांशी वाद घालायचा आमचा विचार नाही, म्हणाला. जात म्हणजे बाईची जात.

रात्री घरी जाऊन तिने जुनी टिपणं चाळली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या धर्मगुरूंनी शपथेवर बोलावं. खोटी शपथ म्हणजे देवाचा अपराध. सभेत चुळबूळ सुरू झाली. कॉटनची साक्षही बरीचशी तिच्या बाजूने पडली. खटला ढिला पडत चालला होता.

आणि तेव्हा ती आपण होऊन बोलली. देव माझ्या आत्म्याशी थेट बोलतो, म्हणाली. माझ्या देहावर तुमची सत्ता आहे, पण देह आणि आत्मा दोन्हींवर येशूची. याच वाटेने गेलात तर तुमच्यावर आणि तुमच्या वंशावर शाप ओढवून घ्याल.

अनेकांना ही तिची चूक वाटते. मला नाही वाटत. दोन दिवस ती त्यांच्याच नियमांनी खेळत होती. मनातलं बोलली ती फक्त इथे. कोर्टाला मात्र हवं ते आयतं मिळालं. हद्दपारी. विरोधात फक्त दोन हात वर झाले.

"मला का हद्दपार करता, ते कळू द्या."
"आता बोलू नका. का, ते कोर्टाला ठाऊक आहे आणि कोर्टाचं समाधान झालंय."

हिवाळा तिने रॉक्सबरीत परक्या घरी नजरकैदेत काढला. मार्च १६३८ मध्ये बॉस्टनच्या चर्चने तिला वाळीत टाकलं. ती दाराकडे निघाली तेव्हा एक तरुण बाई उठली आणि तिचा हात धरून सोबत चालू लागली. ती मेरी डायर. पुढे ती क्वेकर या वसाहतीत बंदी असलेल्या ख्रिस्ती पंथात गेली, आणि १६६० मध्ये याच बॉस्टनने तिला फाशी दिलं.

अ‍ॅन आधी ऱ्होड आयलंडला गेली. नवरा वारल्यावर डचांच्या मुलखात, आजच्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. डच आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या लढाईत १६४३ साली ती आणि तिची बरीच मुलं मारली गेली. जवळची नदी आज हचिन्सन नावाने ओळखली जाते.

तिची हद्दपारी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने १९८७ मध्ये रद्द केली. आणि खटल्यातली ही बोलाचाली आपल्यापर्यंत आली, ती १७६७ मध्ये छापलेल्या वसाहतीच्या इतिहासातून. तो लिहिणारा टॉमस हचिन्सन, अ‍ॅनचा खापरपणतू. पुढे तोही मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला.