चार नंबरची कॅप

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'भंगारातून जुन्या ट्रकचं इंजिन कसं उभं करावं'. चाळीस मिनिटांतली सात स्वागतात गेली. नारळाबद्दल आभार, तो गाडीसमोरच फोडेन.

पहिल्या रांगेत एक वस्तू देतोय, ती बघून मागे सरकवा. जड आहे, पायावर पाडून घेऊ नका. ती काय आहे हे शेवटी सांगणार होतो, पण मला दम निघत नाही.

आमच्या थोरल्या काकांची 1960 ची टाटा-मर्सिडीज. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, डायमलर-बेंझशी करार 1954 ते 1969, त्यामुळे हिच्या नाकावर तो तारा आहे. इंजिन ओएम 312, सहा सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 120 स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव. सहाही सिलिंडरांचं घनफळ काढा, 4.58 लिटर येईल. मागे कोणी खरंच करतंय, बरं वाटलं.

इंजिन खोललं आणि क्रँक ग्राइंडिंगला, ब्लॉक धुवायला एका वर्कशॉपमध्ये दिला. नाव घेत नाही, मालकांचे मेहुणे इथे बसलेले असायचे. ब्लॉक परत आला, मेन बेरिंगच्या कॅपा मोजल्या, तर एक कमी. चार नंबरची. मालक म्हणाले, "काका, कॅपच ना? जुन्या बाजारात ढिगानं पडल्यात."

जे आत्ता हसले ते मशीन शॉपवाले. बाकीच्यांसाठी सांगतो. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ज्या भोकात फिरतो त्याचा अर्धा गोल ब्लॉकमध्ये आणि अर्धा कॅपमध्ये असतो. कारखान्यात दोन्ही बोल्टनं आवळून मग सगळी भोकं एका ओळीत बोअर करतात. म्हणून कॅपवर नंबर ठोकलेला असतो. दुसऱ्या ब्लॉकची कॅप बसते, बोल्टही लागतात, फक्त क्रँक जाम होतो. इथे मी नवरा-बायकोची उपमा द्यायचो. एकदा ही बरोबर आली होती, तेव्हापासून देत नाही.

तरी निघालो. रविवारी आणि बुधवारी पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मधल्या दिवशी नाना पेठ. नाना पेठेत पार्ट नंबर विचारतात, माझ्याकडे नुसतं भोक होतं. मग पिंपरी-चिंचवडची कुदळवाडी. तिथल्या भंगारवाल्यानं विचारलं, "इंजिन कुठलं?" मी छाती फुगवून म्हटलं, "जर्मन." तो म्हणाला, "जर्मन मागं वेगळं ठेवलंय," आणि मला पातेल्यांच्या आणि फुटक्या पिस्टनच्या ढिगापाशी नेलं! आपल्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात हे मी विसरलोच होतो. म्हटलं, बाबा, मला बीड हवंय, ओतीव लोखंड. तर पोत्यांखाली 312 चा अख्खा ब्लॉक निघाला, सगळ्या कॅपांसकट. सुटी कॅप द्यायला तो तयार होईना. ब्लॉक काट्यावर चढला आणि बिडाच्या भावानं घरी आला.

तो ब्लॉक तडकलेला होता. मग त्याची कॅप घेतली, भोसरीत तिचा तळ किंचित घासून घेतला, माझ्या ब्लॉकवर आवळून लाइन बोअरिंग करून घेतलं. क्रँक दोन बोटांनी फिरला. चार महिन्यांनी वर्कशॉपचा फोन, "काका, तुमची कॅप सापडली." पाण्याच्या कूलरचा एक पाय आखूड होता, त्याखाली! आता माझ्या ब्लॉकला ती चालत नाही. तुमच्या हातात फिरतेय ती हीच.

आणि हे सगळं करून कागदोपत्री ती व्हिंटेज नाहीच. 2021 च्या नियमात पन्नास वर्षांवरची दुचाकी बसते, घरगुती चारचाकी बसते, ट्रक बसत नाही. ज्यानं साखर, सिमेंट, कांदा वाहिला तो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

भंगारात पार्टचं नाव विचारू नका, माप घेऊन जा. नाव ऐकलं की विकणारा 'आहे' म्हणतो. खिशात मायक्रोमीटर, पिशवीत स्वतःचा मोडका पार्ट. क्रँकचं जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन दिशांनी मोजा, फरक आला तर ते अंडाकृती झालंय. घासून बारीक केलेल्या जर्नलसाठी बेरिंगं 0.25, 0.50, 0.75 मिलिमीटर अशा अंडरसाइजमध्ये येतात; आधीच शेवटच्या साइजला घासलेला क्रँक फुकटही नको. तो टांगून हलकेच हातोडी मारा. घंटेसारखा वाजला तर बरं, बद्द वाजला तर ठेवून द्या. हेडला रॉकेल चोळा, कोरडं पुसा, वर खडू फासा. तडा असेल तर रॉकेल झिरपून खडूवर रेघ उमटते. व्हॉल्व्हच्या सीटांमधली जागा आधी बघा. कनेक्टिंग रॉड कॅपसकटच घ्या, कारण आत्ताच ऐकलंत. आणि शक्य असेल तर सुटा पार्ट घेऊच नका, मेलेलं अख्खं इंजिन घ्या. ते एकमेकांबरोबर झिजलेलं असतं.

इंजिनाच्या पंपाबद्दल सांगायचं राहिलं. कुठे शोधायचं, तर कुदळवाडीचा पत्ता आता देत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेची कारवाई झाली, शेड गेल्या, माणसं पांगली. माणसांचे फोन नंबर ठेवा, गल्ल्यांचे नको.

हो, थांबतो. कॅप कुठवर पोचली? निळा शर्ट, तुमच्या मांडीवर आहे. पुढे पाठवा, घेतल्याशिवाय मी खाली उतरत नाही.