48 किलोंतलं एक रौप्यपदक

मंडळी, आर्मेनियाची कुस्ती म्हटली की आज पहिलं नाव निघतं आर्थर अलेक्सान्यानचं. ग्युमरीचा हा मल्ल. लंडनपासून पॅरिसपर्यंत चार ऑलिंपिक पदकं. पण तो ग्रीको-रोमनचा, म्हणजे कमरेखाली हात न लावता लढायच्या कुस्तीचा. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पायांनाही हात घालता येतो त्या कुस्तीत, स्वतंत्र आर्मेनियाचं ऑलिंपिक पदक पॅरिस 2024 पर्यंत एकच आहे: अटलांटा 1996, 48 किलो, अर्मेन म्क्रतच्यान, रौप्य.

आर्मेनिया स्वतःच्या झेंड्याखाली उन्हाळी ऑलिंपिकला उतरला तो तिथंच पहिल्यांदा. मागची काही वर्षं नाकेबंदीची, दिवसाला तास-दोन तास विजेची. अशा देशाला अटलांटात दोन पदकं मिळाली आणि दोन्ही कुस्तीतली. अर्मेन नाझार्यानचं 52 किलो ग्रीको-रोमनचं सुवर्ण आधी आलं, त्यामुळे लोकांच्या तोंडी तोच अर्मेन राहिला. दुसऱ्या अर्मेनसमोर अंतिम लढतीत होता उत्तर कोरियाचा किम इल, बार्सिलोनाचा सुवर्णविजेता. किमने सुवर्ण राखलं.

या वजनातली कुस्ती समजायची तर पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, नीट पाहायला हवा. गुडघ्यातून खाली बसायचं, कंबरेतून वाकायचं नाही. पुढचा गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मध्ये टेकला पाहिजे, मान वर, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला. मग हात गुडघ्यामागे आणि लगेच बाजूला फिरून पाठीवर. लांबून झेप घेतली की घात होतो: समोरचा पाय मागे फेकतो, त्याची छाती आपल्या मानेवर येते आणि ताबा त्याच्याकडे जातो. तेव्हा खाली आणून ताबा घेतल्याचा एकच गुण होता (आज दोन आहेत), तर भारंदाज लावून, म्हणजे खाली असलेल्याच्या कमरेला मिठी घालून त्याला लोळवून, पाठ मॅटकडे फिरवली की दोन. म्हणून त्या काळी खाली मॅटवरची कुस्ती ज्याची पक्की, तो भारी पडायचा.

वजनाचंही गणित बघा. 130 किलोच्या मल्लाला 2 किलो उतरवणं म्हणजे दीड टक्का. 48 वाल्याला तेच चार टक्क्यांहून जास्त. त्याच्या अंगावर चरबी नसतेच, मग जातं ते पाणी, आणि त्याबरोबर पकडीतली ताकद.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने दहा वजनगटांचे आठ केले आणि सर्वांत हलका गट थेट 54 किलोंचा झाला. म्क्रतच्यानने ज्या गटात रौप्य मिळवलं, तो गटच वर्षभरात संपला! सहा किलो म्हणजे शरीराच्या आठव्या हिश्शाइतकी वाढ. तीही नुसत्या खाण्यानं होत नाही. वरून 58-60 चे गडी वजन उतरवून त्याच 54 मध्ये येतात, त्यांची हाडं मोठी, हात लांब.

आपल्याकडे खाशाबा जाधवांचं 1952 चं फ्रीस्टाइल कांस्य 2008 पर्यंत असंच एकटं होतं. त्याची किंमत आपल्याला कळायला फार उशीर लागला. येरेवानमधल्या तालमींत म्क्रतच्यानचं नाव आजच्या फ्रीस्टाइलच्या पोरांना आवर्जून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.