सोडतीचं गणित कोण ठरवतं?

मित्रहो, लॉटरीचा विषय निघाला की आपण लगेच नशिबावर येतो. मला आज त्याच्या आधीचं सांगायचं आहे. यंत्रात चेंडू किती टाकायचे, विक्रीतला किती हिस्सा बक्षिसांना द्यायचा, पहिलं बक्षीस एकालाच द्यायचं की पुष्कळांना, हे सोडतीच्या कितीतरी आधी माणसांनी बसून ठरवलेलं असतं.

अमेरिकेतली पॉवरबॉल घ्या. ऑक्टोबर २०१५ पर्यंत ५९ पांढऱ्या चेंडूंतले पाच आणि ३५ लाल चेंडूंतला एक जुळवावा लागे. जॅकपॉटची शक्यता साडेसतरा कोटींत एक होती. मग पांढरे चेंडू ६९ आणि लाल २६ केले. शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक झाली. आज तिथं आठवड्याला तीन सोडती असतात. प्रत्येक सोडतीचं एकेक तिकीट घेत राहिलं, तर जॅकपॉट लागायला सरासरी अठरा लाखांहून जास्त वर्षं लागतील!

मग लोक कंटाळून खेळणं सोडत का नाहीत? कारण त्याच बदलात किरकोळ बक्षिसं सोपी केली होती. पूर्वी साधारण ३२ तिकिटांमागे एखादं बक्षीस लागे, ते २५ मागे लागू लागलं. चार डॉलर हाती आले की माणूस म्हणतो, जवळ आलोय. प्रत्यक्षात जॅकपॉट त्याच्यापासून लांब नेलेला असतो. तो लागला नाही की रक्कम पुढच्या सोडतीत जाते, फुगते, बातम्या होतात, एरवी न खेळणारेही रांगेत उभे राहतात. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे बदलानंतर तीनच महिन्यांत, जॅकपॉट १५८ कोटी डॉलरवर गेला.

आता स्पेन. तिथली नाताळची लॉटरी १८१२ पासून चालू आहे. २२ डिसेंबरला माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे आणि बक्षिसं गाऊन सांगतात, आणि देश तासन्‌तास ऐकत बसतो. आकडे ००००० ते ९९९९९, म्हणजे फक्त एक लाख. एकच आकडा अनेक मालिकांत छापतात आणि प्रत्येक तिकिटाचे दहा भाग पाडतात. वीस युरोच्या एका भागाला पहिलं बक्षीस चार लाख युरो. विक्रीतला ७० टक्के पैसा बक्षिसांत परत जातो. पॉवरबॉलमध्ये तो निम्म्याच्या आसपास असतो.

या रचनेमुळे लोक आकडा वाटून घेतात. आपल्याकडे ऑफिसात भिशी लावतात, तसा तिथं कार्यालयाचा, गल्लीतल्या बारचा, गावाचा एक आकडा असतो. २०११ मध्ये आरागोनमधल्या सोदेतो या साधारण सत्तर घरांच्या गावात महिला मंडळानं विकलेल्या आकड्यालाच पहिलं बक्षीस लागलं. जवळजवळ प्रत्येक घरात पैसा आला. स्पेनमध्येही सरासरी खेळणारा तोट्यातच जातो, हे मी लपवणार नाही. पण संपूर्ण गावाला एकाच दिवशी हात देणारी रचना मला एका माणसाच्या अब्जावधी डॉलरांपेक्षा शतपटीनं माणुसकीची वाटते.

आपल्याकडे केरळनं १९६७ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली, महाराष्ट्रानं १९६९ मध्ये. केरळनं पुढं ‘कारुण्य’ लॉटरीतून गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी पैसा उभा केला. तमिळनाडूनं मात्र २००३ मध्ये लॉटरीवर बंदीच घातली.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते केंद्राच्या १९९८ च्या कायद्यातलं एक कलम: एका अंकावर बक्षीस देता येणार नाही. खरं तर एका अंकावर जिंकण्याची शक्यता दहात एक, पॉवरबॉलच्या मानानं केवढी मोठी! तरीही बंदी तिच्यावर, आणि ती योग्यच आहे. वर्षातून एकदा वीस युरो गेले तर घर बुडत नाही. दहात एक हा खेळ दिवसभर, पुन्हा पुन्हा खेळता येतो. मधूनमधून जिंकायला मिळतं, तो पैसा लगेच पुढच्या डावात जातो आणि संध्याकाळपर्यंत रोजंदारी संपते. म्हणून कुठलीही लॉटरी तपासताना शक्यतेच्या जोडीला मी आणखी एक आकडा विचारतो: दिवसातून सोडती किती?