खिशातला मफलर

(एका बालचित्रपट शिबिरातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एका पोराने केलेला बर्फाचा माणूस रात्री जिवंत होतो, तो 'द स्नोमॅन' हा अ‍ॅनिमेशनपट तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय असं धरून चालतो. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी आत्ताच चहाला जावं, कारण शेवट मी फोडणार आहे. (हशा)

त्याआधी एक तक्रार. 26 मिनिटांच्या या सिनेमात सुरुवातीची चार वाक्यं आणि एक गाणं सोडलं तर कुणी चकार शब्द काढत नाही. इंग्रज चित्रकार-लेखक रेमंड ब्रिग्जचं 1978चं मूळ पुस्तकही मुकं, नुसती रंगीत पेन्सिलीची चित्रं. आधीच्या पुस्तकापायी हा गृहस्थ दोन वर्षं चिखल, घाण आणि शब्द यांत बुडालेला होता. त्याला काहीतरी स्वच्छ, बिनशब्दांचं करायचं होतं.

आणि आमच्याकडे? एका शाळेत दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला आणि संयोजकांनी माइक हातात घेतला! "बघा मुलांनो, स्नोमॅन बाबांची कवळी लावून बघतोय. आपण रोज दात घासतो ना?" तो फ्रीजरमध्ये सुखाने आडवा झाला, तर विजेच्या बचतीवर दोन शब्द. दोघं हात धरून आकाशात झेपावले, हॉवर्ड ब्लेकने रचलेलं गाणं सुरू झालं, आणि हे म्हणतात, "टाळ्या!" मी मागच्या रांगेतून हातवारे केले. त्यांना वाटलं, आवाज पोचत नाहीये. त्यांनी माइक अजून जवळ घेतला. (हशा)

गाण्यावरून आठवलं. ते अ‍ॅलेड जोन्स या बालगायकाने गायलंय असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्याची तबकडी 1985ची. सिनेमात आवाज आहे पीटर ऑटीचा, आणि त्या पोराचं नाव श्रेयनामावलीत घालायचंच राहिलं होतं! असो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग थेट मुद्दा.

पुस्तकात नाताळ नाहीच. सांताक्लॉज नाही, उत्तर ध्रुव नाही. उड्डाण इंग्लंडमधल्याच ब्रायटन गावच्या समुद्रधक्क्यापर्यंत, की परत घरी. दिग्दर्शिका डायान जॅक्सनचा सिनेमा ब्रिटनच्या चॅनल फोर या टीव्ही वाहिनीवर आला 26 डिसेंबर 1982ला, त्यात नाताळ घातला. ब्रिग्जला ते गुळचटच वाटलं होतं, पण जमलंय हेही त्याने मान्य केलं.

का जमलं? सिनेमात सांता गोष्टीतल्या पोराला निळा मफलर देतो. पुस्तकात सकाळी उरतो वितळलेला ढिगारा. रात्रीचं सगळं स्वप्न होतं म्हणायची सोय आहे. सिनेमात पोरगा ढिगाऱ्यापुढे उभा राहून खिशात हात घालतो, तर मफलर! म्हणजे मित्र खरा होता, आणि म्हणून गेलाही खराच. लोक याला दिलासा म्हणतात. मला पटत नाही. गोडव्यासाठी आणलेल्या सांतानेच त्या पोराची पळवाट बंद केली. ब्रिग्जपेक्षा हा शेवट कठोर आहे, आणि तोही दर नाताळात घरोघरी लावतात.

यावर भांडायला कुणी असेल तर बाहेर चहापाशी भेटा. इथे मला आता उठवतायत.